‘सोड’ म्हणायचं काम

मला आवाज ऐकू येतात. भुताखेतांचे नव्हेत, घरातलेच. गॅसचा रेग्युलेटर नीट बसला नसला तर मला पडवीत बसून कळतं. विहिरीवरचा पंप पाणी सोडून हवा ओढायला लागला की सगळ्यांच्या आधी मी धावते. निम्म्या वेळा काहीच नसतं, हेही खरं. एकदा सिलिंडर गळतोय म्हणून मी घरच्यांना जेवणावरून उठवून अंगणात काढलं होतं, आणि तो निघाला शेजारच्या होमस्टेचा एसी. तेव्हापासून नवरा येईल त्या पाहुण्याला सांगतो, "हिचे कान म्हणजे कुत्र्याचे. पण कुत्रो निदान चोराक भुकता, ही वाऱ्याक भुकता."

माझं माहेर कुडाळच्या आतल्या बाजूचं, भाताचं आणि काजूचं. तिथे बोंड पडलं तरी ऐकू यायचं. लग्न होऊन देवबागला आले तर एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर दिवसभर पर्यटकांच्या बोटींची घरघर. इथे ज्याला त्याला मोठ्याने बोलायची सवय. मी मात्र कान टवकारून राहायला शिकले. भित्री म्हणा हवं तर, मला राग येत नाही.

नवरा आखातात एका गॅरेजमध्ये होता. लोकांच्या गाड्यांना टर्बो बसवायचे, मोठे इंजेक्टर घालायचे आणि मग ते इंजिन लॅपटॉपवर जुळवून द्यायचं, हे त्याचं काम. परत आला तो खाडीकडच्या मांगरात, म्हणजे आमच्या सामानाच्या शेडमध्ये, स्वतःचं गॅरेज घालायचं ठरवूनच. त्या मांगरात सासऱ्यांची होडी, तिचं मशीन, जाळी आणि इंधनाचे कॅन असा सगळा संसार होता. सासरे मासेमारी करतात, अजूनही. त्यांनी होडी एका बाजूला सरकवली, मुलाला अर्धा मांगर दिला आणि आपल्या अर्ध्यात खुर्ची टाकून बघत बसले.

पहिलं मोठं काम आलं ते गोव्यातून. एक जुनी छोटी गाडी घेऊन माणूस आला, पन्नाशीचा, गळ्यात क्रूस, बोलायला गोड. इंजिन त्याने आणि त्याच्या भावाने मिळून उघडून बांधलं होतं, टर्बो त्यांनीच बसवला होता. भाऊ पुढे कॅनडाला गेला तो गेलाच. आता ते जुळवून द्यायला विश्वासाचा हात हवा होता. "म्हज्या भावाचें काम आसा तें," एवढंच तो म्हणाला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. हे इंजिन आमच्या हातून बिघडलं तर ह्या माणसाला काय तोंड दाखवायचं? आणि गोव्याच्या मंडळींत एकदा नाव गेलं की इन्सुलीच्या सरहद्दीवरच्या नाक्याअलीकडे दुसरी गाडी यायची नाही.

हे जुळवणं म्हणजे काय ते मला नवऱ्याने चहा पिता पिता शिकवलं. लॅपटॉपवर एक मोठा तक्ता असतो. एका बाजूला इंजिनचे फेरे, दुसऱ्या बाजूला आत दाबलेली हवा. प्रत्येक चौकटीत एक आकडा, की अशा वेळी इंजेक्टरने किती वेळ तोंड उघडं ठेवून पेट्रोल सोडायचं. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे आकडे आधीच भरलेले असतात. पण टर्बोने हवा जास्त कोंबली, इंजेक्टर बदलले, की ते सगळे खोटे ठरतात आणि एकेक चौकट नव्याने भरावी लागते. पेट्रोल कमी पडलं तर आतली आग भयंकर तापते. जास्त झालं तर गाडी काळा धूर ओकते आणि रडत चालते. शेवटी घावनाच्या पिठासारखंच आहे ते, पाणी किती ते तव्याला विचारून ठरतं.

"आणि ठिणगी?" मी विचारलं.

"ठिणगेचो तक्तो येगळो," तो म्हणाला. ती किती आधी टाकायची हे दुसऱ्या तक्त्यात. थोडी आधी टाकली तर ताकद वाढते. फार आधी टाकली, किंवा पेट्रोल वाईट असलं, की आतलं मिश्रण वेळेआधी आपणहून फुटतं आणि पिस्टनवर घाव बसायला लागतात. त्याला ते लोक नॉक म्हणतात. बारीक टणटण आवाज येतो. दोनचार घाव इंजिन सोसतं, पण पूर्ण जोरात असताना तसंच दाबत राहिलं तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. लॅपटॉपवर सगळे आकडे बरोबर दिसत असतानाही हे होऊ शकतं. म्हणून ऐकायला माणूस लागतो.

तो माणूस मी. गाडी तो चालवणार, लॅपटॉप माझ्या मांडीवर. त्याने फ्रिजची तांब्याची नळी चेपून इंजिनला बोल्टने आवळली, तिला रबरी नळी जोडून ती आत आणली आणि गोंगाट अडवायला कानावर घालतात त्या हेडफोनसारख्या जाड बोंड्यांत खुपसली. ते कानावर चढवलं की इंजिनच्या पोटातलं सगळं ऐकू येतं.

"आवाज इलो की 'सोड' म्हण. इचार करू नको. मी पाय काढतंय."

"सोड? चारचौघांत?" चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, आम्ही दोघंच असलो की अरे-तुरे. सासऱ्यांसमोर तर नेहमीच अहो.

"'अहो, सोडा हां जरा' म्हणीसर पिस्टन वितळतलो."

सासरे खुर्चीतून ऐकत होते. "घोवाक 'सोड' म्हणतत, आणि तोच शिकयता," असं म्हणून त्यांनी खाडीकडे तोंड फिरवलं.

खरं म्हणजे हे काम माझ्याकडे का आलं ते मला कळत होतं. आखातात तो स्वतःच ऐकायचा. आल्यापासून मी बघत होते, कुकरच्या शिट्ट्या तो मोजेना. त्याचा फोन त्याच्याच खिशात वाजायचा आणि मी सांगायची. टीव्हीचा आवाज तर शेजाऱ्यांना बातम्या कळाव्यात इतका. जाड आवाज ऐकायचा, बारीक गेले होते. वर्षानुवर्षं त्या गोंगाटात डोकं घालून काढलेली, दुसरं काय होणार? पण हा विषय काढायचा नाही, असं आमच्यात न बोलता ठरलं होतं. गाडी चालवताना ऐकता येत नाही म्हणून तुला घेतो, असं तो म्हणायचा, आणि मी मान डोलवायची. तो लपवतोय, आपणही झाकावं, बायको आहोत, असं मला वाटायचं.

पहिले दिवस माझे फार वाईट गेले. कसाल सोडून हायवेला लागलं की सकाळी रस्ता मोकळा असतो, तिथे आम्ही जायचो. तो पाय दाबायचा, मी श्वास धरायची. मला त्या बोंड्यांत सगळंच ऐकू यायचं. वॉल्व्हची टिकटिक, टर्बोची शीळ, कसली तरी खरखर. नेमका वाईट आवाज कुठला? तो म्हणाला होता, पत्र्याच्या डब्यात वालाचे दाणे हलवल्यासारखा. मला प्रत्येक आवाजात वाल दिसायला लागले. "सोड" म्हणून ओरडले, तर सायलेन्सरची पट्टी सैल. पुन्हा ओरडले, तर मागच्या सीटवरचा पाना डुगडुगत होता. तिसऱ्यांदा काहीच सापडलं नाही. मागे बसलेला गोव्याचा माणूस हसला, अगदी प्रेमाने हसला, पण हसला. नवरा हसला नाही, ते मला जास्त लागलं. लांडगा आला रे आला करणाऱ्या पोरासारखी माझी गत झाली होती. घरी येऊन मी दोन भाकऱ्या थापल्या आणि दोन्ही जाळल्या.

पण आकडे एकेक करून बसत गेले. गाडी दिवसेंदिवस शहाणी होत गेली. शेवटच्या सकाळी फक्त पूर्ण जोराच्या चौकटी राहिल्या होत्या, त्याच सगळ्यात धोक्याच्या.

त्या सकाळी सासऱ्यांनी मांगरात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे होडी नवी उतरवायची असो की पोराची परीक्षा असो, गाऱ्हाण्याशिवाय काही हलत नाही. बॉनेटसमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. "बा देवा महाराजा, ह्या पोरान जो उद्योग मांडलो हा, तेका यश दी. वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे महाराजा." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय महाराजा." गोव्याचा माणूसही म्हणाला आणि वर छातीवर क्रूसाची खूण केली. सासरे खूश दिसत होते. नेहमीपेक्षा जरा जास्तच खूश. मांगरात रॉकेलचा वास येत होता, पण तो तिथे कायमच असतो, होडीचं मशीन रॉकेलवर चालतं. मी काही मनावर घेतलं नाही. वाऱ्याला भुंकणाऱ्या बाईने वासालाही भुंकायचं का?

हायवेवर पहिल्यांदा अर्ध्या जोरात दाबलं, सगळं ठीक. दुसऱ्यांदा पूर्ण. आणि गाडी जोर धरत असताना मला बोंड्यांत ते ऐकू आलं. टण, टणटण. बारीक, पण आधीच्या कुठल्याच आवाजासारखं नाही.

"सोड!"

त्याने पाय काढला. गाडी कडेला घेतली, लॅपटॉप आपल्याकडे वळवला. हवा आणि पेट्रोलचं माप बरोबर. ठिणगी कालचीच, तिला हातही लावला नव्हता. काल ह्याच्याच अलीकडच्या चौकटीत गाडी गप्प होती.

"नक्की?"

"माका तसा वाटला."

"वाटला, काय आयकलंस?"

काय सांगणार? तीनदा तोंडावर आपटलेली बाई. मागून तो माणूस म्हणाला, "म्हाका कांयच आयकूंक येना." त्याला बोंड्यांशिवाय यायचंच नव्हतं, पण त्याने माझा धीर आणखी खचला.

नवऱ्याने बोंडी माझ्या कानावरून काढून घेतली. "तुम्ही चालवा," तो गाडीच्या मालकाला म्हणाला. "मी स्वतः आयकतंय." मी मागे गेले. नवरा डाव्या सीटवर बसला, बोंडी घट्ट दाबली आणि डोळे मिटले. आखातात तो असाच बसत असेल, मला वाटलं. जुनं काम हाती आल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

माणसाने पाय दाबला. फेरे चढले. आणि मला मागच्या सीटवर, उघड्या कानांनी, इंजिनच्या त्या सगळ्या गर्जनेच्या वरून ते ऐकू आलं. आता बारीक नव्हतं. टणटणटणटण, डबा कोणीतरी जोरात हलवत असल्यासारखं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो शांत होता. बोंड्यांत तर ते कितीतरी मोठं असणार, आणि तो डोळे मिटून शांत बसला होता. मग त्याने अंगठा वर केला. ठीक आहे, दाबा अजून.

त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं ते मी आज सांगू शकते, पण तेव्हा एका श्वासात आलं. ओरडावं तर हा म्हणणार, मी ऐकतोय ना, तू गप. मग सांगायला लागणार ते सगळंच. पहिल्या गिऱ्हाइकासमोर, त्याच्याच गाडीत. न ओरडावं तर त्या माणसाच्या भावाचं इंजिन जातं. नवऱ्याची अब्रू की परक्याचं इंजिन? कुठल्या बायकोला असलं विचारावं?

मी पुढे झेपावले आणि त्या माणसाच्या खांद्यावर थाड्कन हात मारला. "सोड! सोड म्हणतंय!"

त्याने घाबरून पाय काढला. गाडी संथ झाली. नवऱ्याने डोळे उघडले, बोंडी खाली ओढली, चिडून मागे वळला. "काय झाला? काय एक नाय हा. मी आयकतंय मां?"

"ह्येंका आयकाक येना नाय," मी त्या माणसाला म्हणाले. नवऱ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. "बारीक आवाज ह्येंका येनतच नाय. इंजिन वाजता हा. माका हयसर ऱ्हवान आयकाक येता."

बाजूने एक ट्रक गेला.

मग नवरा उतरला. बॉनेट उघडलं, इंजिन जरा निवू दिलं आणि ठिणगीचा एक प्लग काढला. उन्हात धरून बघितला, बराच वेळ बघितला, आणि न बोलता त्या माणसाच्या हातात दिला. आतल्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरीच्या कुटासारखे बारीक चमकते ठिपके होते. पिस्टनचा धातू उडायला लागला होता. नुकताच लागला होता, एवढंच नशीब.

आकडे बरोबर, मग बिघडलं कुठे? तो गाडीच्या मागे गेला. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. बारीक नळी आत सोडून तोंडाने ओढली आणि चार थेंब तळहातावर घेतले. पेट्रोल असतं तर ते तळव्यावरून बघता बघता उडून गेलं असतं. हे ओशट राहिलं, तेलकट, उन्हात चमकत.

"रॉकेल," तो म्हणाला.

आम्ही गाडी बैलगाडीच्या चालीने देवबागला आणली. सासरे मांगरात जाळं शिवत बसले होते. विचारल्यावर त्यांना आधी कळेचना की विचारायचं काय आहे. त्यांनीच भरलं होतं, सकाळी, आम्ही चहा घेत असताना. "रिकामी टाकी घेवन पावण्यांका धाडूचा? आमच्यात तसा करनत नाय." होडी बाहेर पडताना टाकी भरलेली हवी, आणि दुसऱ्याच्या होडीत घातलेलं इंधन बोलून दाखवायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची रीत. समुद्रात कोणाचं इंधन संपलं तर काय होतं ते त्यांनी बघितलंय. आणि घातलं ते पेट्रोलच, त्यांच्या हिशेबाने. होडीचं मशीन पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर टाकतात, त्या चालू करायच्या कॅनमधलं. नुसतं पेट्रोल मशीनला कडक पडतं म्हणून त्यात ते रॉकेल आणि ऑइल मिसळतात, हे त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नाही. होडी कधी कुरकुरली नव्हती.

"शिरा पडो त्या कॅनार," अशी शेवटी त्यांनी कॅनलाच शिवी घातली, आणि जाळं खाली ठेवलं. त्यांच्यावर कोणी रागावलं नाही. रागावणार कसं?

टाकी उपसली, मालवणच्या पंपावरून ताजं पेट्रोल आणलं. दुसरे प्लग लावले. पुढची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. त्या माणसाने जाताना विचारलं, उद्या मी असणार ना. नवऱ्याला नाही विचारलं, मला विचारलं. मी मान डोलवली आणि लगेच नवऱ्याकडे बघितलं. तो हत्यारं पुसत होता, एकच पाना पुन्हा पुन्हा.

दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. जेवला, पण बोलला नाही. मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. झाकलं असतं तर? आणि हा काय, इतके दिवस लपवतो आणि वर मलाच अबोला? चोराच्या उलट्या बोंबा. तरी खरं हेच की ज्या गोष्टीला मी एवढे दिवस हात लावला नव्हता ती मी परक्या माणसासमोर उघडी केली होती.

संध्याकाळी मी ओट्याशी होते. तो आत आला आणि पाटावर बसला.

"कसो येता तो आवाज?" त्याने विचारलं.

मला आधी वाटलं टोमणा मारतोय. पण तो तसं बघत नव्हता. मी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, त्यात वाल होते, आणि त्याच्यासमोर हलवला. हळू, मग जोरात. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे करून डब्यावर तळवा टेकवला. मी हलवत राहिले.

"तुका खरंच म्हायती नाय होता, आयकाक येना नाय ता?" मी म्हणाले.

त्याने 'नाय' म्हणून मान हलवली. मांगरातून सासऱ्यांच्या खोकल्याचा आवाज आला, तो त्याला आला की नाही कोण जाणे.

"तिकडे शेवटच्या वर्षांत कुठल्याच गाडयेत तो आवाज येय नाय होतो," तो म्हणाला. "माका वाटला, माझो हात बसलो. माका वाटला, मी शाणो झालंय."

मी डबा हलवायचा थांबवला. त्याने हात तसाच ठेवला.